मळईवरचा हिशोब (नोव्हेंबर २०२४ ते जुलै २०२५)

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज नुसतं बघायला गेलो होतो. नाशिकहून औरंगाबाद रोडने (आता संभाजीनगर रोड म्हणायचं, तोंडात बसायला वेळ लागणार) चांदोरी-सायखेड्याच्या बाजूला, पंचवीसेक किलोमीटर, मग ऊसाच्या मधून कच्चा रस्ता, आणि तो संपतो तिथे गंगा. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिकला गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात.

पात्रात मधोमध एक लांबट बेट आहे. आम्ही बेट म्हणतो, गावातले मळई म्हणतात. पावसाळ्यात पूर्ण पाण्याखाली, दिवाळीनंतर पाठ वर काढतं. गाळ, गोटे, थोडी वाळू, सात-आठ बाभळी आणि किनाऱ्याला सगळीकडून पाणवेलींचा (जलपर्णीचा) वाळलेला थर. लांबून बाभळींना पांढरी फुलं आल्यासारखं दिसलं, जवळ गेल्यावर कळलं की सगळ्या पिशव्या आहेत, माझ्या डोक्याच्या हातभर वर. म्हणजे पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याचं मापच.

होडीवाले आबा म्हणाले, "ताई, हे सगळं तुमचं नाशिकचंच आहे, आमच्या गावात एवढे वेफर खाणारे नाहीत." ऐकून घेतलं. काय बोलणार.

ठरलं असं की डिसेंबरपासून जमेल तेवढे रविवार यायचं आणि पावसाच्या आत हे सगळं प्लास्टिक उचलायचं. नोंदी मी ठेवणार, कारण मी अकाउंट्सवाली, मला आकडा नसला की झोप येत नाही. ग्रामपंचायतीत सरपंच ताईंना भेटून आलो, त्यांची हरकत नाही, फक्त म्हणाल्या की गोळा केलेलं गावात टाकून जाऊ नका. तेव्हा सगळे हसले होते, पण नंतर सगळ्यात जास्त डोकं त्याच वाक्याने खाल्लं.

१ डिसेंबर, रविवार

९ जण. मी, दीर, जाऊबाई, बँकेतून रिटायर झालेले काका, भाचा आणि त्याचे चार मित्र. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो पावणेआठला, कारण भाच्याच्या टोळीला आधी मिसळ. नाशकात रविवारी मिसळ न खाता नदीवर नेलं तर आंदोलन होईल. एका परीने बरंच झालं म्हणा, निफाडकडची थंडी काय असते ते गमबुटातून पाय पाण्यात घातल्यावर कळतं.

सामान: ग्लोव्हज, दोन पंजे, विळे, हुकाचा डिजिटल काटा, आणि कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या. ही जाळीची आयडिया दिराची, आणि एकदम भारी निघाली. साध्या पोत्यात भरलं की पाणी आणि गाळ आतच राहतो, चार माणसांना उचलत नाही. जाळीची गोणी पाण्यात दोनदा हिसळली की गाळ खाली आणि माल आत. एकच काळजी, ह्या गोण्या पण प्लास्टिकच्याच, उन्हात फार दिवस ठेवल्या तर दोरे सुटायला लागतात, म्हणून एकही गोणी बेटावर विसरायची नाही हा नियम.

वाळलेल्या पाणवेली गोधडीसारख्या सोलून निघतात. वरून तपकिरी, कोरडा पाला दिसतो, उलटा केला की खाली सगळं रंगीत. नदीत पाणवेल वाहत येते तेव्हा मुळांच्या जाळीत वाटेतलं सगळं धरून येते, बेटाला टेकते, पाणी उतरलं की तिथेच वाळते. त्यामुळे वेचायला वाकायचं कमी आणि सोलायचं जास्त.

जमा: १४ गोण्या, ९६ किलो. ग्रुपवर टाकलं, अंगठेच अंगठे.

८ डिसेंबर, रविवार

बेटावर गेलो नाही. दिराच्या शेडमध्ये १४ गोण्या आठवडाभर वाळवल्या, झटकल्या आणि परत तोलल्या. ५८ किलो. म्हणजे ३८ किलो गाळ आणि पाणी होतं, आम्ही गंगेचीच माती प्लास्टिक म्हणून मोजली. ग्रुपवर दुरुस्ती टाकली तर एकाने लिहिलं की कशाला उगाच कमी करून सांगता, चांगलं काम दिसतंय ते दिसू द्या. नाही. यापुढे फक्त वाळलेलं वजन लिहिणार, जुनी नोंद खोडून ५८ केली आहे.

वर्गवारी करताना एक गंमत कळली. बाटल्यांची बुचं ढिगाने आणि त्या मानाने बाटल्या कमी. भाचा केमिकलला आहे, त्याने बादलीत दाखवलं. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड, तुकडा टाकला की तळाला. बूच वेगळ्या प्लास्टिकचं, ते हलकं, तरंगतं. बाटली तरंगते ती फक्त बूच घट्ट लावलेलं असलं की, आतल्या हवेवर. बूच निघालं, पाणी भरलं की ती बुडाली, कुठेतरी तळाला गाळात बसली. बूच मात्र एकटं फिरत फिरत आमच्या बेटावर. म्हणजे इथे जे दिसतंय ते फक्त तरंगणाऱ्यांचं गाव, बुडालेल्यांचा हिशोब कोणाकडेच नाही.

भंगारवाल्याने बाटल्या, डबे, तुटकी बादली, ड्रिपच्या नळ्या आणि शाबूत असलेल्या दुधाच्या पिशव्या घेतल्या. वेफरचे पुडे आणि शाम्पूच्या पाऊचला हात पण लावला नाही. त्याचंही बरोबर आहे, त्यात दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले, मध्ये चंदेरी पापुद्रा, वेगळे करणार कोण. असलं शेवटी सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातं, पण तिथपर्यंत पोचवणारा माणूस आमच्या ओळखीत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

अर्धा दिवस रजा टाकून एका ऑफिसात गेले, उरलेलं २९ किलो कुठे द्यायचं ते विचारायला. पहिल्या टेबलाने सांगितलं हे ग्रामीण हद्दीतलं, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या टेबलाने सांगितलं नदीतलं असेल तर पाण्याच्या खात्याकडे जा. मी म्हटलं, नदीत पडलं तुमच्या हद्दीतून आणि निघालं त्यांच्या हद्दीत. तो माणूस खरंच दोन मिनिटं विचारात पडला, मग म्हणाला अर्ज द्या. अर्ज दिला. पोच घेतली. (जुलैतली भर: अजून उत्तर नाही.)

शेवटी थोडं थोडं करून आमच्याच सोसायटीच्या घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाकलं, रोज एक पिशवी, घंटागाडीवाल्या दादांना खरं काय ते सांगून. ते म्हणाले, "मॅडम, टाका, कुठून आणलं ते मला विचारायचंच नाहीये."

२२ डिसेंबर, रविवार

७ जण, वाळून ३१ किलो.

आज निर्माल्याचा दिवस होता. एकाच कपारीत २३ पिशव्या, सगळ्यांना गच्च गाठ. पुलावरून गाडी न थांबवता भिरकावलेल्या असणार. फुलं नदीत सोडायची ती मोकळी सोडावीत एवढं तरी, पण नाही, गाठ मारून. आत झेंडू कुजून काळा रस झालेला, त्यात एक नारळ, उदबत्तीचा पुडा, आणि एका पिशवीत काच फुटलेली देवाची तसबीर. जाऊबाईंनी ती तसबीर गोणीत टाकायला नकार दिला. मी पण टाकली नसती, खोटं कशाला बोलू. शेवटी काच वेगळी केली, फोटोचा कागद तिथेच मातीत पुरला आणि फ्रेम गोणीत. फ्रेम पण प्लास्टिकचीच होती.

५ जानेवारी २०२५, रविवार

बँकवाले काका हल्ली जगभरातली बेटं वाचतात आणि गाडीत आम्हाला ऐकवतात. पॅसिफिकमध्ये हेंडरसन नावाचं बेट आहे, माणूस राहत नाही, सगळ्यात जवळची मोठी वस्ती पाच हजार किलोमीटरवर. तिथे शास्त्रज्ञांनी मोजलं आणि २०१७ मध्ये छापलं की किनाऱ्यावर अंदाजे ३ कोटी ७७ लाख तुकडे, साडेसतरा टनांच्या वर. आणि त्यातला बराचसा वरून दिसतच नाही, वाळूत वरच्या १० सेंटीमीटरमध्ये पुरलेला. मग हिंदी महासागरातली कोकोस बेटं, २०१९ चा आकडा, ४१ कोटी ४० लाख तुकडे, तिथे तर ९३ टक्के पुरलेलं. त्यात पावणेदहा लाखांच्या आसपास चपला-बूट आणि पावणेचार लाख टूथब्रश. जाऊबाई म्हणाल्या, तिथे राहणाऱ्या सहाशे माणसांना एवढे ब्रश वापरायला किती हजार वर्षं लागतील. काकांनी गाडीतच भागाकार करायला घेतला.

हे ऐकून मला झोप लागेना कारण आम्ही महिनाभर फक्त वरचं उचलत होतो. म्हणून आज चार काठ्या आणि सुतळी घेऊन एक बाय एक मीटरचा चौकोन आखला. आधी वरचं वेचलं, २३ तुकडे. मग वीतभर नाही, फक्त बोटभर खोल म्हणजे १० सेंटीमीटर खणून सगळी माती चाळणीतून काढली. ६१ तुकडे. ८४ पैकी ६१ खाली! थर पण दिसत होते, एक बारीक गाळाचा थर, मग पाल्याचा, त्यात पुडे, परत गाळ. एकेक पूर एकेक पान लिहून गेल्यासारखा.

काकांनी लगेच बेटाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गुणाकार सुरू केला. मी थांबवलं. एका चौकोनावरून अख्खं बेट काढायचं नाही, तेही पाणवेलीच्या काठाजवळच्या चौकोनावरून, मधल्या गोट्यांवर काहीच नसेल. काका थोडे रुसले.

चपला ३८, सगळ्या एकेकट्या, जोडी एकही नाही.

१९ जानेवारी, रविवार

संक्रांत झाली, नायलॉन मांजा आला. दरवर्षी बंदी, दरवर्षी विक्री. बाभळींना गुंडाळलेला, पाणवेलीत, गोट्यांच्या फटीत. कापायला कात्री लागते, हाताने ओढलं तर ग्लोव्हजसकट बोट कापतं, भाच्याचं कापलंच, टीटीचं इंजेक्शन घेऊन आलो. एका फांदीला बगळा लटकलेला होता, वाळून कडक झालेला, एक पंख उघडा. खाली नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात ह्याच दिवसांत परदेशातून पट्टकदंब आणि चक्रवाक उतरलेले असतात, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० साली आपण पेढे वाटले, आणि त्यांच्या वाटेवर हे.

मांजा वेगळ्या डब्यात. ४४० ग्रॅम. आकडा छोटा वाटतो, पण सगळ्यात जास्त वेळ ह्यालाच गेला, तीन तास.

२ फेब्रुवारी, रविवार

आवर्तन (शेतीसाठी धरणातून सोडतात ते पाणी) सुटलंय, आबांचा पहाटे पाचला फोन, पाणी वाढलं, येऊ नका. तोवर भाच्याची टोळी मिसळीला पोचली पण होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद जरा मोठी आहे. मागच्या वेळची एक गोणी मी मुद्दाम घरी गच्चीवर ठेवली होती, वाळून ४ किलो १०० ग्रॅम भरली. वजन कळलं, पण आत आहेत किती नग? चार रविवार दुपारी गच्चीवर बसून एकेक तुकडा मोजला. सासूबाई म्हणाल्या, तांदूळ निवडायला सांगितले तर मान दुखते हिची.

एकूण १,३४० नग. गुटखा-सुपारीच्या पुड्या २८७. थर्माकोलचे गोळे आणि तुकडे २०५. शाम्पू वगैरेचे पाऊच १४०, वेफर-बिस्किटाचे पुडे १२२, बुचं ९६. बाकी सटरफटर १७२, त्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, पेन, द्राक्षबागेतला मल्चिंग पेपर. आणि पहिला नंबर, ३१८ नग: दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे.

मला आधी कळेचना ते काय आहे. बोटाच्या पेराएवढे तिकोनी, पांढरे, एका बाजूने चिकटलेले, उलगडले की बाहुलीची टोपी होईल असे. काहींवर निळ्या छपाईचा अर्धा काना, अर्धी वेलांटी. मग एकदम पेटलं. रोज सकाळी मी स्वतः कात्रीने हेच करते. पिशवी धुऊन वाळवून भंगारात देते, सगळ्यांना अभिमानाने सांगते, आणि कोपरा ओट्यावरून सरळ बेसिनमध्ये नाहीतर केरात. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिक बंदीत दुधाच्या पिशवीसाठी ५० पैसे परत देण्याची तरतूद होती, पिशवीचं कोणीतरी काहीतरी ठरवलं तरी, कोपऱ्याला कोण विचारतो.

३१८ कोपरे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. ४ ग्रॅम. म्हणजे किलोच्या हिशोबात ते अस्तित्वातच नाहीत, आणि नगाच्या हिशोबात सगळ्यात वर. आम्ही दोन महिने किलो लिहून बाटल्या आणि चपलांमागे धावत होतो कारण त्याने काटा हलतो, आणि हे कोपरे वेचायला तर आम्ही वाकलोच नव्हतो, पाणवेलीच्या गोधडीत आपोआप आले म्हणून मोजले गेले.

काका म्हणाले युरोपात जुलै २०२४ पासून बाटलीचं बूच बाटलीला जोडलेलंच ठेवायचा नियम आहे, उघडलं तरी लोंबत राहतं. मग कोपरा लोंबता ठेवायला नियम कशाला हवा, कात्री अर्ध्यात थांबवली की झालं. कोपरा पूर्ण कापू नका हा मेसेज वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरतोय, मी स्वतः कितीदा पुढे ढकललाय, न वाचता.

घरी आडवा छेद देऊन पाहिला. पहिले दोन दिवस दूध ओट्यावर सांडलं, धार वाकडी येते. तिसऱ्या दिवशी जमलं, कोपरा अंगठ्याने मागे दाबून धरायचा.

९ मार्च, रविवार

आज जे झालं ती माझी चूक, तशीच लिहिते.

माल जास्त झाला होता, ११ गोण्या. आबांच्या होडीत चार मावतात. पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या चार ट्यूब आणून त्यावर बांबू बांधून आम्ही तराफा केला होता, त्यावर पाच-सहा. आबा म्हणाले दोन खेपा करू. चार वाजून गेले होते, मला घरी पाहुणे येणार होते, मी म्हटलं, "आबा, एकाच खेपेत होईल, सगळं तराफ्यावर टाका, बांधतो घट्ट." आबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. मधोमध आल्यावर एका बाजूची ट्यूब दबली, बांबू तिरपा झाला आणि वरच्या तीन गोण्या अगदी सावकाश, चिडायलाही वेळ मिळेल एवढ्या सावकाश, पाण्यात घसरल्या. दोन पाणवेलीला अडकल्या, भाच्याने पोहत जाऊन आणल्या. तिसरी वळणावरून दिसेनाशी झाली. लाल गोणी, अर्धी बुडालेली, अर्धी वर.

तीन महिने वेचून परत नदीत आम्हीच टाकलं. जमा ११, नावे १.

घरी येताना काकांनी समजूत घालायला अल्डाब्राची गोष्ट सांगितली, सेशेल्समधलं बेट, २०१९ मध्ये १२ जणांनी पाच आठवडे राबून २५ टन गोळा केलं, आणि त्यांच्याच अंदाजाने पाचशे टन तिथेच राहिलं. गोळा केलेलं परत समुद्रातून हजारेक किलोमीटर न्यायचं. टनाला साधारण नऊ हजार डॉलर खर्च. म्हणाले, बेटावर वेचणं सोपं, बेटावरून काढणंच महाग. मला समजूत पटली नाही, पण गप्प बसले. पाहुणे येऊन गेले होते.

१८ मार्च, मंगळवार

नदीवर नाही, चहाच्या टपरीवर. सीबीएसजवळ (शहरातला मध्यवर्ती बसस्टँड) आमच्या ऑफिसचा चहावाला आहे, त्याला आठवड्यापूर्वी एक रिकामी बरणी दिली होती, म्हटलं कोपरे ह्यात टाका, बाकी काही विचारू नका. आज घेऊन आले. १८७ कोपरे, सात दिवस, एक टपरी. पावसाची पहिली सर आली की हे सगळं टपरीमागच्या गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून गंगेत.

त्याला आडवा छेद दाखवला. तो म्हणाला, "ताई, गर्दीच्या टायमाला एका हातात पातेलं असतं, पिशवी दाताने फाडतो मी." दाताने फाडलेला कोपरा थुंकायचाच ना. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरणी ठेवतो म्हणाला, तेवढं जमेल. बरणीवर त्याने स्वतःच कागद चिकटवला: कोपरे इथे थुंका.

६ एप्रिल, रविवार

बेटावर उतरलो आणि डोक्यावर आरडाओरडा. टिटव्यांची जोडी घिरट्या घालत, अगदी कानाजवळून. आबांनी हात करून सगळ्यांना जागेवर उभं केलं. चार पावलांवर गोट्यांमध्ये बशीएवढा खळगा, त्यात चार अंडी, मातकट रंगावर काळे ठिपके, टोकं आत. सांगितल्याशिवाय दिसणार नाहीत, पाय पडला असता. कडेने तिने बारीक खडे मांडलेले आणि खड्यांच्या रांगेत एक पांढरं बूच.

काका वाकले बूच उचलायला. आबा म्हणाले, "राहू द्या, तिनं मोजून ठेवलंय."

ठेवलं. पुढच्या टोकाला नदी सुरय पण बसलेले दिसले, त्यांचीही अंडी असणार. बेटाचा वरचा अर्धा भाग सुतळी लावून बंद केला, पिल्लं उडेपर्यंत तिकडे कोणी जायचं नाही. म्हणजे जानेवारीत चौकोन आखला तो सगळा काठ ह्या वर्षी तसाच राहणार. भाच्याची चिडचिड झाली की एवढं महिनाभर थांबून काय होतंय, पूर आला की सगळं जाईल. बरोबर आहे त्याचं, पण अंडी पण ह्या वर्षीचीच आहेत.

खाली उरलेल्या भागात ६ जण, १९ किलो.

आबांनी जाता जाता सांगितलं की टिटवीने यंदा उंचवट्यावर अंडी घातलीत, पाऊस लवकर आणि जोरात आहे. मी मनात म्हटलं, बघू, हवामान खातं काय म्हणतं ते.

४ मे, रविवार

ऊन फार. ४ जण, ११ किलो. टिटवीच्या खळग्यात काही नाही, पिल्लं गोट्यांत कुठेतरी असतील, आईबाप ओरडतच होते. बूच तिथेच आहे. सुरयांचं टोक अजून बंद.

१ जूनला सगळ्यांनी मिळून शेवटची मोठी फेरी, २० माणसं, ट्रॅक्टर, तोपर्यंत पिल्लं उडालेली असतील. काकांनी चक्क छापील पत्रक काढलंय.

१८ मे, रविवार

पाऊस. मे महिन्यात. वळवाचा एखादा असतो तसा नाही, रोज. सकाळी आबांचा फोन, मला वाटलं नदीचं काही, पण आबांचा आवाज वेगळाच, "ताई, पोरं असतील तर पाठवा, कांदा भिजतोय."

उन्हाळ कांदा काढून शेतात पोळ घालून ठेवलेला, अर्धा चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) गेला होता, अर्धा बाहेर. मजूर मिळेना. आम्ही सात जण गेलो, तीन तास चिखलात प्लास्टिकचा कागद ओढत होतो, कडेला दगड ठेवत होतो, वाऱ्याने उडाला की परत धावत होतो. पाच महिने ज्याच्या नावाने बोटं मोडली तेच दोन्ही हातांनी पांघरत होतो. दुसरं काही नाहीच हो, गोणपाटाने पाणी थांबत नाही, ताडपत्री एवढी कोणाकडे नाही. आबांच्या सुनेने त्याच पावसात चहा दिला. पिशवीचा कोपरा लोंबत होता, तिने न सांगता अर्धाच कापलेला. सरपंच ताईंच्या बैठकीत मी बोलले होते त्याचा परिणाम असेल, किंवा ती आधीपासूनच तशी कापत असेल, विचारलं नाही.

संध्याकाळी वाऱ्याने फाटलेल्या कागदाच्या चिंध्या बांधावरून नदीकडे उडताना दिसल्या. दिराने जेवढ्या हाती लागल्या तेवढ्या धरल्या. वजन केलं नाही.

२७ मे, मंगळवार

काल मान्सून मुंबईत पोचला. २६ मे. एरवी जून उजाडून आठवडा-दहा दिवस झाले की येतो. १ जूनची फेरी रद्द, काकांची पत्रकं माझ्या डिकीत. आबांना फोन करून मान्य केलं की टिटवी बरोबर होती. ते म्हणाले सगळ्याच वर्षी बरोबर नसते.

बेटावर आमची सुतळी, चार काठ्या आणि एक पंजा राहिला. नियम माझाच होता ना, काही विसरायचं नाही.

१३ जुलै, रविवार

पूर येऊन गेला, पाणी अजून तपकिरी आणि काठोकाठ. बेट नाही. बाभळींचे शेंडे तेवढे वर, प्रत्येकाला नवीन पिशव्या, ह्या वेळी गुलाबी एक दिसली. पाणवेलींचे बेटच्या बेट वाहत चाललेत, त्यातलं कुठलं थांबेल ते दिवाळीनंतर कळेल. काठावर उभं राहून मोजता येईल तेवढं मोजलं, शेंड्यांवर ४१ पिशव्या.

आतापर्यंतची बेरीज, सगळं वाळलेलं: २०७ किलो. अधिक मांजा ४४० ग्रॅम. कोपरे मोजले तेवढेच, ३१८, बाकी गोण्यांतले न मोजताच गेले ह्याची रुखरुख आहे. पुढच्या वर्षी प्रत्येक दहावी गोणी नगाने मोजायची, माणसं मिळाली तर. टपरीच्या बरण्या आता चार झाल्यात, एकाने त्यात सिगारेटची थोटकं टाकली, ती वेगळी काढावी लागतात.

निघताना आबांनी थांबवलं. गोठ्यामागून एक लाल गोणी आणली, चिखलाने काळी पडलेली, एका बाजूने जाळी उसवलेली. मार्चमधली. पुराच्या आधी, खाली पुलाजवळ पाणवेल काढत होते तिथे पोरांना सापडली म्हणे. उघडून पाहिली. चपला आणि एक फुटका डबा राहिलाय, बारीक सगळं जाळीतून निघून गेलंय. काट्यावर अडीच किलो, गेली तेव्हा सहाच्या आसपास असेल.

अर्धी गोणी जमेला कशी धरायची ते काकांना विचारायचंय.